अर्ध्या मिनिटाचं फूल

डिंकताईंचं खरं नाव ऑफिसात फक्त हजेरीच्या वहीला माहीत होतं. बाकी सगळे त्यांना डिंकताईच म्हणायचे, आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. वाटावा कशाला? चौतीस वर्षं बाई डिंकाच्या वाटीपुढे बसल्या होत्या. उजव्या हाताची पहिली दोन बोटं इतकी कडक झाली होती, की कप गरम आहे की गार हे त्यांना डाव्या हातानं चाचपावं लागायचं.

काम काय, तर वाळकी झाडं कागदावर चिकटवायची. हसू नका. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तसला मोठा संग्रह होता. रानावनात फिरणारी माणसं झाडाझुडपांचे नमुने आणायची, वर्तमानपत्रात घालून, दोन फळ्यांमध्ये आवळून वाळवायची, आणि ती चपटी, तपकिरी गाठोडी ताईंच्या टेबलावर येऊन पडायची. ताई एकेक नमुना चिमट्यानं उचलायच्या, जाड पांढऱ्या कागदावर मांडायच्या, बारीक पट्ट्यांनी बसवायच्या आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायच्या. झाडाचं नाव, सापडलं कुठे, उंची किती, फुलाचा रंग कोणता, आणणारा कोण. मग तो कागद कपाटात आणि कपाटात डांबरगोळ्या. खिडक्या बारा महिने बंद, कारण दमट हवा आत आली की बुरशी, आणि बुरशीमागून किडे. हजारो झाडांच्या मधोमध बसून या बाईला चौतीस वर्षांत झाडाचा वारा म्हणून लागला नाही. आता काय म्हणायचं याला?

हाताला मात्र शिस्त अशी लागली होती, की विचारू नका. दोन गोष्टी कधी चुकल्या नाहीत. नमुन्याचं एक तरी पान उलटं करून लावायचं, म्हणजे पुढेमागे कुणाला पाठीमागच्या शिरा बघायच्या असतील तर दिसल्या पाहिजेत. आणि झाड कागदापेक्षा लांब असलं तर ते कापायचं नाही, देठ दोन ठिकाणी मोडून नागमोडी बसवायचा. नव्या माणसाला त्या हेच आधी शिकवायच्या. त्यांनी लावलेला कागद लांबून ओळखू यायचा, इतका तो नीटनेटका असायचा.

नमुने आणणाऱ्यांत एक होते रानसाहेब. हेही टोपणनावच. वर्षातले चार-पाच महिने माणूस बाहेर, पाठीवर फळ्यांचं ओझं, खिशात वही. अंगानं किरकोळ, बोलण्यात त्याहून किरकोळ. बायको फार लवकर गेलेली. ऑफिसातला झाडून सगळा स्टाफ, अगदी विभागप्रमुखसुद्धा, डिंकताईंना ताई म्हणायचा. रानसाहेब चौदा वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत. ते 'अहो' म्हणायचे. "अहो, हे जरा सांभाळून, पाकळ्या नाजूक आहेत." यावरून काय ते समजा. ऑफिसनं समजायचं तेवढं केव्हाच समजून घेतलं होतं. राहिलं होतं ते त्या दोघांनी एकमेकांना सांगायचं, आणि ते राहिलंच.

साहेबांची वही वाचून चिठ्ठ्या लिहिणं हे ताईंचं काम. आणि वही म्हणजे काय वही! झाड वाळलं की रंग उडतो, म्हणून तो जागेवरच लिहून ठेवायचा असतो. बाकीचे लिहायचे 'गुलाबी', 'पिवळा', संपला विषय. हे लिहायचे, 'कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा गुलाबी, उन्हात धरला तर पलीकडचं बोट दिसतं.' कधी लिहायचे, 'दूध फाटल्यावर सुटतं त्या पाण्याचा हिरवट पिवळा.' चिठ्ठीवर रंगाला जागा दोन बोटांची. विभागप्रमुख लाल पेन्सिलीनं काट मारायचे. "रंग गुलाबी. पुढचं पाल्हाळ नको." ताई निमूटपणे 'गुलाबी' लिहायच्या, आणि उरलेलं वाक्य पाठ करून घरी न्यायच्या.

घरी आई अंथरुणावर. झटका येऊन एक बाजू गेलेली. अकरा वर्षं तिचं सगळं अंथरुणातच झालं. तिला कुशीवर वळवताना, पाठ पुसताना, चमच्यानं भरवताना ताई मनातल्या मनात ती वाक्यं म्हणायच्या. जग त्यांनी पाहिलं ते असं, दुसऱ्याच्या वहीतून.

एका वर्षी गाठोड्यातून एक विचित्र नमुना निघाला. फूल कसलं, नुसता तपकिरी डाग. काही फुलं वाळतच नाहीत, फळ्यांमध्ये विरघळून जातात, त्यातलं ते. वहीत जागा अगदी काटेकोर लिहिलेली. बंद पडलेल्या दगडखाणीच्या वरची कातळाची सपाटी, एकमेकांवर कललेले तीन दगड, त्यांच्या खालची ओलसर भेग. पाऊस सरल्यावर आठ-दहा दिवस फुलतं, सकाळी उमलतं, बाराच्या आत मिटतं. आणि रंगाच्या जागी, ज्या माणसाला रंगावर ओळीच्या ओळी सुचायच्या, त्यानं लिहिलं होतं, 'निळा. लिहून होणार नाही. येऊन पाहावं.'

येऊन पाहावं! कुणी? ती वही वाचणारं माणूस सबंध इमारतीत एकच होतं. ताईंना कळलं नाही असं नाही. चांगलं कळलं, कानशिलं तापली, आणि मग त्यांनी चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहिलं, 'निळा'.

पुढे साहेबांनी तोंडानंही विचारलं. त्यांच्या मानानं ते भाषणच. "अहो, एक दिवस चला ना तिकडे. सकाळी निघू, संध्याकाळी घरी." ताई म्हणाल्या, "आईचं कोण बघणार?" ते खोटं नव्हतं. पण भाऊ-वहिनी एक दिवस येऊन बसले असते, हेही खोटं नव्हतं. दर वर्षी पाऊस सरला की साहेब विचारायचे, आणि दर वर्षी ताई आईला पुढे करायच्या. सात वर्षं असं चाललं. मग एका थंडीत साहेब गेले. रानात नाही, कड्यावरून पडून नाही. घरी, अंघोळीचं पाणी तापायची वाट बघत खुर्चीत बसल्या बसल्या. तीन वर्षांनी आई गेली. आता ताईंना कुठेही जायला मोकळीक होती, आणि चला म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

नोकरी मात्र आणखी बरीच वर्षं चालली आणि एक दिवस रीतसर संपली. निरोप समारंभात भाषणं झाली, शाल मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई उठल्या, आवरून बसल्या, आणि आता पुढे काय हे त्यांना कळेना. हात शिवशिवायला लागले. भावाची मुलगी नोकरीसाठी त्यांच्याकडेच राहायला आली होती. तिला बढती मिळाली म्हणून कुणीतरी भला मोठा गुच्छ दिला. ती अंघोळीला गेली तेवढ्यात आत्यानं गुच्छ सोडवून, फुलं सुटी करून, वर्तमानपत्रात घालून वर दोन जाडजूड शब्दकोश ठेवले. पुतणी बाहेर आली आणि बघतच राहिली.

"आत्या, फुलं पाण्यात ठेवतात गं! तू अशी घरात बसून राहिलीस ना, तर एक दिवस मलासुद्धा दाबून वाळवशील."

"तुझं एक पान उलटं लावावं लागेल," आत्या म्हणाल्या. "नाहीतर पाठ कशी दिसणार?"

हसून झालं, पण पुतणीच्या मनातून ते गेलं नाही. तिनंच शोध काढला आणि आत्याला रविवारच्या मंडळीत नेऊन सोडलं. ही मंडळी म्हणजे दहा-अकरा हौशी लोक. दर रविवारी सकाळी वही आणि रंग घेऊन गावाबाहेर पडायचे. कधी तळ्याकाठी, कधी माळावर, कधी पडक्या पुलाखाली. बसायचं, बघायचं, चित्र काढायचं आणि शेवटी चार ओळी लिहायच्या. पुढारी एक शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षिका. त्यांना सगळे चित्रबाई म्हणत. बाकी कुणी दातांचे डॉक्टर, कुणी शिंपी, आणि एक निवृत्त पोस्टमन. हा पोस्टमन बोलघेवडा. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता स्वतःचं लिहिणार म्हणायचा.

पहिल्याच रविवारी ताईंना एका रोपट्यासमोर बसवलं. पाच मिनिटांत बाई वैतागल्या. झाड हलत होतं! चौतीस वर्षांत एकाही झाडानं त्यांच्यासमोर ही हिंमत केली नव्हती. त्या पान निरखायला जायच्या आणि वारा ते पान फिरवून टाकायचा. शेवटी त्यांनी डाव्या हातानं शेंडा धरून ठेवला आणि उजव्यानं काढलं.

पोस्टमननं मान लांब करून वहीत बघितलं. "अहो ताई, झाडाची कंबर का मोडलीत?"

खरंच मोडली होती. रोपटं उंच आणि वही लहान, म्हणून ताईंनी देठ दोन ठिकाणी दुमडून नागमोडी काढला होता. सगळी पानं समोर तोंड करून, फोटोला उभी राहिल्यासारखी. एक पान उलटं. आणि सगळं तपकिरी.

"तपकिरी का हो?" चित्रबाईंनी विचारलं. चेष्टेनं नाही, खरंच विचारलं.

ताईंनी समोर बघितलं. हिरवंगार झाड. वहीत बघितलं. तपकिरी. हात आपोआप त्याच रंगाकडे गेला होता. त्यांचं तोंड उतरलं.

लिहिण्यातही तेच. चित्रबाईंनी सांगितलं, वीस मिनिटं नुसतं बघा आणि मग मनात येईल ते लिहा. ताईंनी लिहिलं, 'वृक्ष. उंची सुमारे आठ मीटर. साल खरखरीत. फळ नाही.' दातांचे डॉक्टर म्हणाले, हा तर तपासणीचा रिपोर्ट झाला. चित्रबाई म्हणाल्या, "छान आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?"

"मी? मी कशाला असेन? आणणारे दुसरेच असतात," ताई म्हणाल्या. सगळे हसले, त्याही हसल्या. पण घरी येऊन बराच वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या.

तरी पुढच्या रविवारी त्या हजर. त्याच्या पुढच्याही. हट्टी बाई होती, आपल्याला येत नाही हे त्यांना सहन व्हायचं नाही. हळूहळू तपकिरी रंगाची वडी झिजायची थांबली आणि हिरवी झिजायला लागली. मग एका हिरव्यानं भागेना. कोवळ्या पानाचा हिरवा वेगळा, धुळीनं माखलेल्याचा वेगळा, उन्हाकडून बघितला तर आणखी वेगळा. शेंडा धरून ठेवायची सवय गेली. पानं थोडी थोडी वळायला लागली, एखादं दुसऱ्याच्या मागे लपायला लागलं. आणि जसजसं दिसायला लागलं तसतसं आत काहीतरी दुखायला लागलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखा गुलाबी एका कुंपणावर त्यांना सापडला. त्यांनी पाकळी उन्हात धरली आणि पलीकडचं बोट दिसलं. तिथेच, कुंपणाशी उभ्या राहून बाईंच्या डोळ्यांना धार लागली. माणूस खरं सांगत होता. सगळं जसंच्या तसं लिहीत होता आणि आपण लाल काट मारून उरलेलं कागदावर उतरवत होतो.

ओळखीचे रंग असे एकेक भेटत गेले. वहीतली बहुतेक वाक्यं खरी झाली. उरला तो निळा.

त्याचा ध्यासच लागला त्यांना. आईजवळ बसायचं निमित्त नाही, हजेरीची वही नाही, आता अडलंय कुठे? अडलं गुडघ्यांशी. उजव्या गुडघ्यातली गादी झिजून गेलेली. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, चढण बंद, आणि फार दिवस ढकलू नका, ऑपरेशन करून टाका. ऑपरेशननंतर चढता येईल का, तर डॉक्टर म्हणाला, "या वयात कशाला चढायचंय तुम्हाला?" घ्या! या माणसाला काय उत्तर द्यायचं? म्हणजे जायचं तर याच वर्षी, पाऊस सरल्यावरच्या त्या आठ-दहा दिवसांत.

एका रविवारी त्यांनी मंडळींना सांगून टाकलं. साहेबांचं काही नाही, फक्त फुलाचं. खाण, तीन दगड, भेग, बाराच्या आत मिटतं. बोलताना आवाज असा झाला, की पोस्टमनसुद्धा मध्ये बोलला नाही. चित्रबाई म्हणाल्या, "मग जाऊ या की सगळे." पुतणीनं सुट्टी काढली, काठी आणली, गुडघ्याला पट्टा आणला. "डॉक्टरला कळलं तर माझं काही खरं नाही," म्हणाली, पण गाडी तिनंच ठरवली.

सकाळी लवकर निघाले. खाणीच्या तळाशी गाडी थांबली आणि तिथून पायवाट. ताई पाच पावलं चालायच्या, थांबायच्या, पुन्हा पाच. गुडघा ठणकत होता, पण चेहरा असा, की थांबू या का म्हणायचीही कुणाची छाती झाली नाही. खाणीच्या काठावर पोचेपर्यंत सगळ्यांना धाप लागली. शिंपीदादांनी थर्मास काढला. मंडळी टेकली. पुतणी बुटात गेलेला खडा काढायला बसली.

"तुम्ही चहा घ्या," ताई म्हणाल्या. "सपाटच आहे इथून. मी हळूहळू पुढे होते."

खरं तर त्यांना तिथे एकटीनंच पोचायचं होतं. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर यायचं टाळलं, त्याच्या जागी आता अकरा जणांना घेऊन जायचं, हे काही त्यांच्या जिवाला रुचत नव्हतं. काठी टेकत, कातळ चाचपत त्या गेल्या. वही पाठ होती. आणि बघा, तीन दगड होते. तसेच कललेले. फूल असेल? नसेल? त्या वाकल्या.

होतं. एकच होतं. भेगेतून बोटभर देठ वर आलेला आणि त्यावर ते उघडून उभं.

ताईंनी ते पाहिलं. किती वेळ? अर्धा मिनिट म्हणा. आणि मग काय झालं ते त्यांनाही पुढे नीट सांगता आलं नाही. काठी दगडाला टेकली. उजवा हात खाली गेला. अंगठ्याचं नख देठाच्या अगदी बुडाशी, जिथून घ्यायला हवं तिथून, आणि कट्. डाव्या हातात वही उघडलेली. फूल कागदावर. पाकळ्या नखानं सोडवून पसरलेल्या, एक पान उलटं, देठ सरळ. वही मिटली. दोन्ही तळव्यांनी दाब दिला. छान बसलं, असं मनात आलंसुद्धा. नमुना उत्तम.

आणि मग त्यांची नजर पुन्हा भेगेकडे गेली. तिथे काही नव्हतं.

मंडळी येऊन पोचली तेव्हा ताई दगडावर बसल्या होत्या, वही छातीशी धरून. चेहरा पांढराफटक. पुतणी धावली. "काय झालं? पडलीस का?"

"कुठंय फूल?" पोस्टमननं विचारलं.

ताईंनी वही आणखी घट्ट धरली. मग म्हणाल्या, "मी तोडलं."

"म्हणजे?"

"तोडलं. वहीत घातलं." आणि त्या लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडायला लागल्या. "मला तोडायचं नव्हतं गं. बघायचं होतं. मी बघायला आले होते. हातच गेला माझा. मेला हात!"

पुतणीनं वही हळूच काढून घेतली आणि उघडली. कागदावर ओला डाग पसरत होता. पाकळ्यांच्या कडा विरघळायला लागल्या होत्या आणि रंग काळसर होत चालला होता. पोस्टमन आणि शिंपीदादा गुडघ्यांवर बसून सगळी सपाटी धुंडाळून आले. दुसरं फूल नव्हतं. होत्या त्या फुलं सरल्यावर धरलेल्या शेंगा. आठ-दहा दिवस सरत आले होते.

एरवी चुरूचुरू बोलणारी माणसं कातळाकडे बघत उभी राहिली. चित्रबाई मात्र ताईंच्या शेजारी खाली बसल्या.

"पण तुम्ही पाहिलंत ना?"

"अर्धा मिनिट."

"आम्ही तर तेवढंही नाही पाहिलं. सांगा. तुम्ही सांगा, आम्ही काढतो."

ताईंनी नाक पुसलं. सगळ्यांनी मुकाट्यानं वह्या उघडल्या. ताई म्हणाल्या, "निळं."

"निळं म्हणजे कुठलं?" पोस्टमननं रंगांची पेटी पुढे केली. "माझ्याकडे चार निळे आहेत."

ताईंनी चारही बघितले आणि मान हलवली. भेगेकडे वळल्या. मग बोलायला लागल्या, आधी अडखळत. "पांढरं कापड धुताना नीळ जरा जास्त पडली की होतं ना, ते कडेला. अगदी कडेला. आत जाताना दाट होत जातं. किती दाट... आईच्या मनगटावर शीर दिसायची. शेवटी शेवटी कातडी पातळ झाली होती तिची, तेव्हा. तेवढं निळं. आणि मधोमध नाहीच निळं. तिथे काहीच रंग नाही, नुसता उजेड आहे." आता पेन्सिली चालायला लागल्या. "देठ सरळ नव्हता. जरा डावीकडे कललेला, कुणी हाक मारल्यावर बघावं तसा. एक मुंगी चढत होती. अर्ध्यावर आली, थांबली, परत फिरली. मी वाकले तेव्हा माझी सावली पडली त्याच्यावर आणि सगळा रंग विझला. मी बाजूला झाले, तर पुन्हा पेटला. आणि ते हलत होतं. वारा नव्हता, तरी हलत होतं. मला वाटलं, माझा श्वास लागतोय."

मग कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "सात वर्षं बोलवत होते मला. मी आले नाही. आईचं नाव पुढे करत राहिले. भीती वाटत होती मला. एकदा गेले असते ना, तर परत येऊन त्या डिंकाच्या वाटीपुढे बसवलं नसतं. म्हणून नाही आले."

"कोण बोलवत होतं, आत्या?" पुतणीनं विचारलं. तिला या गोष्टीचा गंधही नव्हता.

"साहेब," ताई म्हणाल्या. "फार चांगलं माणूस होतं. मला फार आवडायचे ते."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या, तेही अकरा माणसांसमोर, उघड्या कातळावर. पुतणीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पोस्टमननं उगाच चष्मा पुसायला घेतला. पेन्सिली थांबल्या नाहीत.

उन्हं वर आली तेव्हा चित्रं झाली होती. सगळ्यांनी वह्या ताईंसमोर मांडल्या. अकरा फुलं. पोस्टमनचं जरा कोबीच्या गड्ड्यावर गेलं होतं, शिंपीदादांचं टाके घातल्यासारखं बारीक, पुतणीच्या कागदावर फूल इतकंसं आणि आत्याची वाकलेली सावलीच मोठी. ताईंनी एकेक वही मांडीवर घेऊन नीट बघितली. कौतुकानं बघितली, बोटानं रंगाला स्पर्श करून बघितला. आणि प्रत्येक वेळी मान हलवली.

"नाही हो. असं नव्हतं."

"काही टक्के तरी?" पोस्टमननं विचारलं.

"अजिबात नाही," ताई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. "तुमचं तर मुळीच नाही."

त्यांनी स्वतः काही काढलं नाही. डागाचं पान तसंच राहू दिलं. चिठ्ठी लावली नाही, नाव घातलं नाही.

उतरायला दुप्पट वेळ लागला. गुडघा आता धडधडीत बंड करत होता. पुतणी काठीच्या दुसऱ्या बाजूनं, आत्याचा दंड धरून चालत होती. मंडळी पुढे गेली तेव्हा आत्या म्हणाल्या, "पुढल्या पावसानंतर आणशील मला?"

"ऑपरेशनचं काय?"

"करते. लवकर करून टाकते. चार महिन्यांत चालायला लागेन म्हणे. चढायला येईल की नाही ते देव जाणे. आणशील का तेवढं सांग."

"आणेन. पाठीवर घ्यावं लागलं तरी आणेन."

"आणि माझे हात धरशील? दोन्ही?"

"हे काय विचारणं झालं? धरलाय की आत्ताही. उतार आहे, घसरलीस तर?"

"उतारावर नाही गं," आत्या म्हणाल्या. "वर. फुलापाशी पोचलो की धर. घट्ट धर, आणि ते मिटेपर्यंत सोडू नकोस."